जगवलेले मूल आणि कसायची जमीन

गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली तालुक्यात सूरजागडच्या डोंगररांगा आहेत. गेल्या काही वर्षांत या नावासोबत लोहखनिज, ट्रक, पोलीस ठाणी आणि रोजगार मेळावे एवढेच शब्द ऐकू येतात. इथल्या माडिया आदिवासी मुलामुलींना ‘प्रशिक्षित’ करायचे यावर सर्वांचे एकमत आहे. प्रशिक्षण घेऊन ती उभी कुठे राहणार, हे मात्र कुणी फारसे विचारत नाही. याच प्रश्नाशी सव्वाशे वर्षांपूर्वी, चांदा जिल्हा (आजचे गडचिरोली तेव्हा त्यातच होते) ज्यात मोडत होता त्या मध्य प्रांतात आणि शेजारच्या मुंबई इलाख्यात, ख्रिस्ती मिशनांची गाठ पडली होती. दुष्काळातली हजारो अनाथ मुले त्यांच्या दारात होती. आधी त्यांना खाऊ घालायचे होते, मग हाताला काम शिकवायचे होते. त्या अनुभवाची चर्चा आपल्याकडे जवळजवळ नेहमीच धर्मांतराच्या आकड्यांवर सुरू होऊन तिथेच संपते. माझ्या मते त्याची खरी कसोटी वेगळी आहे. ज्या संस्थांनी मुलाला अन्न आणि कौशल्य यांच्या जोडीने जमिनीचा आधार दिला, त्यांचे काम पिढ्यान्‌पिढ्या टिकले. जिथे कौशल्य एकटे राहिले, तिथे मूल जगले, पण आश्रितच राहिले. ही कसोटी आज सूरजागडलाही लावायला हवी.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा लागोपाठच्या दोन दुष्काळांनी मध्य प्रांत पोखरून काढला. पाऊस गेला, धान्य महागले, मागून कॉलरा आणि ताप आला. मुलांसाठी आईबापांचा मृत्यू हा दुष्काळाचा शेवट नव्हता, तिथून त्यांचे हाल सुरू होत. पंडिता रमाबाई १८९६-९७ मध्ये या प्रांतात गेल्या, त्यामागे स्वतःची आठवण होती. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांनी आईवडील आणि बहीण गमावली होती. त्यांनी शेकडो मुली आणि तरुण विधवा सोबत आणल्या. पण त्यांना ठेवायचे कुठे, याचे उत्तर त्या आधीच तयार करत होत्या, आणि इथेच त्यांची दूरदृष्टी दिसते. विधवांसाठी त्यांनी काढलेल्या शारदा सदनाला अमेरिकेतल्या मंडळींनी दहा वर्षांची मदत कबूल केली होती. ती मुदत १८९८ च्या सुमारास संपणार होती. ती संपल्यावर संस्था चालावी म्हणून रमाबाईंनी पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावरच्या केडगावला सुमारे १०० एकर जमीन आधीच घेतली होती आणि फळबागेची योजना आखली होती. दुष्काळाने आणलेल्या मुली त्याच जमिनीवर आल्या आणि मुक्ती सदन उभे राहिले. १९०० पर्यंत तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. मग विहिरी खोदल्या गेल्या, भाजीपाला आला, गुरे आली, हातमाग, तेलघाणा आणि छापखाना आला. एवढ्या तोंडांना रोज दोन वेळा जेवू घालणारी व्यवस्था केवळ देणग्यांवर सुरक्षित राहत नाही. ती टिकायला विहिरीचे पाणी आणि पायाखालची माती लागते, हे रमाबाईंनी ओळखले होते. परदेशी पैशावर उभी राहिलेली संस्था म्हणून मुक्ती मिशनकडे पाहणाऱ्यांनी त्या जमिनीकडेही पाहावे. परावलंबन संपवायची धडपड तिच्यात दिसते.

खुद्द मध्य प्रांतात दुसरा एक धीट प्रयोग झाला. अमेरिकन मेनोनाइट मिशन १८९९ मध्ये धमतरीला, म्हणजे आजच्या छत्तीसगडात, दुष्काळाच्या तोंडावर आले आणि लगेच अनाथालय चालवू लागले. काही वर्षांत मुले मोठी झाली, त्यांची लग्ने होऊ लागली, आणि ही नवी कुटुंबे जगणार कशावर हा प्रश्न उभा राहिला. तेव्हा मिशनने बालोदगहान हे गावच मालगुजारीने विकत घेऊन तिथे कुटुंबे वसवली. अनाथालयातून बाहेर पडणाऱ्या तरुणाला सुतारकामाच्या दाखल्यापेक्षा बियाणे टाकायला जागा जास्त लागते, ही जाण त्यामागे होती. या निर्णयाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मिशन मालगुजार झाले की पाद्री आणि जमीनदार एकाच खुर्चीत बसतात. ज्याच्या हाती सारा त्याच्याच हाती प्रार्थनेची घंटा असेल, तर कुळाचे ‘हो’ किती मोकळे, याची शंका राहतेच. १९५०-५१ मध्ये मालगुजारी कायद्याने संपली. मला यातून एवढेच दिसते की जमीन द्यायला हवी, पण देणाऱ्याच्या नावावर ती राहता कामा नये.

मिशनरी सॅम हिगिनबॉटम यांनी १९१० च्या सुमारास अलाहाबादजवळ नैनीला यमुनेकाठी शेतीची संस्था काढली. त्यांचा मार्ग याहून निराळा होता. अर्थशास्त्र शिकवणाऱ्या या माणसाला खेड्यातली गरिबी पाहून अमेरिकेत परत जाऊन शेतीशास्त्र शिकावेसे वाटले, ही गोष्ट आदर वाटावा अशीच आहे. आशियातल्या कृषी अभियांत्रिकीच्या पहिल्या अभ्यासक्रमांपैकी एक नैनीतच सुरू झाला. पण संस्थेत शिकून शेतावर परतायला घरी शेत असावे लागते. भूमिहीनाच्या मुलाला सुधारित नांगर शिकवला तर तो दुसऱ्याच्या शेतावरचा कुशल मजूर होतो.

आता मुख्य आक्षेपाकडे येतो. उपाशी, अल्पवयीन मूल धर्म ‘निवडत’ नाही. त्याला अन्न देऊन त्याचे नाव आणि उपासना बदलणे योग्य होते का? हा आक्षेप बिनतोड आहे आणि त्याला ‘पण जीव तर वाचला’ हे पुरेसे उत्तर नाही. मूल संमती देण्याच्या वयाचे नसेल, तर श्रद्धेच्या बाबतीत सांभाळणाऱ्याने हात आखडता घ्यायला हवा होता. शारदा सदनावरून १८९३ मध्ये ‘केसरी’ने उठवलेल्या वादळाचे मूळही याच प्रश्नात होते. पण आक्षेप घेणाऱ्या समाजाने काय केले, हेही त्याच नोंदवहीत लिहिले पाहिजे. लाला लजपतराय आणि आर्य समाजाने याच दुष्काळांत मध्य प्रांत आणि राजपुतान्यातून अनाथ मुले पंजाबात नेली, ती बऱ्याच अंशी मिशनांच्या हाती जाऊ नयेत म्हणून. धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला. मिशनांच्या कामाने हिंदू समाजाला आपल्या अनाथांकडे आणि विधवांकडे बघायला लावले, हा परिणाम नाकारण्यात अर्थ नाही. दुष्काळातल्या मुलांना त्या चुरशीतून निदान जास्त छपरे मिळाली.

दुसरा आक्षेप सूरजागडच्या जवळचा आहे. चांदा शहरात स्कॉटिश एपिस्कोपल चर्चचे मिशन होते. पुढे नागपूरचे बिशप झालेले अलेक्झांडर वुड यांनी त्यावर १९०६ मध्ये पुस्तकही लिहिले. अशा मिशनांच्या डोळ्यांसमोर जी शेती होती ती नांगर, बैल आणि सपाट बांध यांची. माडियांचा पेंडा तिच्याहून अगदी वेगळा. झुडपे तोडायची, जाळायची, राखेत कोसरी हे भरडधान्य पेरायचे, मग ती जागा विसाव्याला सोडायची. वनखात्याने त्याला नासाडी ठरवले, आणि सुधारणेच्या नावाने शिकवल्या गेलेल्या बहुतेक शेतीने तोच निवाडा मान्य केला. ज्याला मोह कधी फुलतो, कोणता कंद कधी खणायचा, कोसरीचा जावा (पेज) किती दिवस पुरतो हे ठाऊक आहे, त्याला अडाणी मानून केलेले प्रशिक्षण सुरुवातीलाच फसते. ही चूक केवळ ख्रिस्ती मिशनांची नव्हे. सरकारी आश्रमशाळांतही ती आहे. वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी आनंदवन उभे केले तेव्हा कुष्ठरोग्यांच्या हाती आधी सरकारने दिलेली पडीक जमीन होती, मग बाकीचे कौशल्य आले. भामरागडच्या हेमलकशाला १९७३ मध्ये सुरू झालेल्या लोक बिरादरी प्रकल्पाने दवाखाना आणि शाळा माडियांच्या रानातच नेली. ही मिशने नव्हेत, पण क्रमाचा धडा तोच आहे.

ख्रिस्ती परंपरेतही हा क्रम पुढे पक्का झाला. स्वित्झर्लंडहून आलेले जेझुइट फादर हर्मन बाखर अहमदनगरच्या कोरड्या भागात काम करताना अन्नवाटपाकडून पाणलोटाकडे वळले. १९८९ नंतरच्या इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात आणि १९९३ मध्ये स्थापन झालेल्या वॉटर (WOTR) संस्थेत एक अट होती: गाव आधी श्रमदान करील, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळील, निर्णय गावाची समिती घेईल. इथे जमीन गावाचीच, श्रमही गावाचेच. धर्माचा प्रश्नच येत नाही. बालोदगहानच्या मालगुजारीत जो दोष होता तो इथे निघून गेला.

खाणीच्या बाजूने बोलणारे म्हणतील, आता शेतीची चर्चा कशाला? सूरजागडला ३४८ हेक्टरचा पट्टा २००७ मध्ये दिला गेला, २०२१ पासून खनिज निघते आहे, कोनसरीला पोलाद कारखाना आहे, तरुणांना पगार मिळतो आहे. पगार खरा आहे आणि त्याला तुच्छ लेखण्याचा अधिकार बाहेरच्या कुणाला नाही. पण खाणीचे वय खनिजाएवढे. डोंगर उतरल्यानंतर चालक आणि वेल्डर झालेल्या मुलाच्या मागे काय उरते, याचा हिशोब आजच मांडायला हवा. तोडगट्टा इथे २०२३ मध्ये खाणींविरोधात अनेक महिने बसून राहिलेल्या माडियांनी तोच मांडला होता. त्या डोंगरात ठाकूरदेव आहे आणि तिथूनच झरे, मोह आणि तेंदू येतात. माडिया गोंड ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित जमातींपैकी एक, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने त्यांच्या वस्तीक्षेत्राचा हक्क वेगळा नोंदवला आहे. याच जिल्ह्यात मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये १,८०९ हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला आणि बांबू विकण्याचा निर्णय ग्रामसभा घेऊ लागली. म्हणून एटापल्लीत तरुणांसाठी कुणीही, चर्च असो, सरकार असो वा कंपनी, शेतीची शाळा काढायची म्हटली, तर तिच्या पायाभरणीआधी त्या गावाचा सामूहिक वनहक्काचा दाखला ग्रामसभेच्या हातात असावा. बियाण्यांत कोसरी असावी. मोहफुले सुकवणे-साठवणे, तेंदूचा हिशोब, झऱ्याचा बांध हे अभ्यासात असावे, आणि शिकवणाऱ्यांत गावचे जाणते पुरुष व बाया असाव्यात.