बोलण्यातले सांधे

एका मिनिटाचं बोलणं कागदावर उतरवायला अर्धा-पाऊण तास लागतो. बोलणारा दमलेला असेल, औषधानं जीभ जड झाली असेल, वर पंखा घरघरत असेल, तर तासही जातो. पुण्यातल्या एका मानसोपचार विभागाच्या संशोधन प्रकल्पासाठी मी हे काम करते. समुपदेशक समोरच्या माणसाला चार साधे प्रश्न विचारतात, एक चित्र दाखवून ‘यात काय चाललंय ते सांगा’ म्हणतात, आणि नाव-गाव काढलेली ध्वनिफीत माझ्याकडे येते. मी भाषाशास्त्राची. आजारातलं मला फारसं कळत नाही, आणि प्रकल्पाला तेच हवं आहे. कुठला आवाज स्किझोफ्रेनियाच्या पेशंटचा आणि कुठला तुलनेसाठी बोलावलेल्या निरोगी माणसाचा, हे मला सांगत नाहीत.

पहिला नियम असा की काहीही सुधारायचं नाही. शिकलेल्या मराठी माणसाला हा नियम फार जड जातो. ‘मला पुस्तक भेटलं’ असं कानावर पडलं की बोटं आपोआप ‘मिळालं’ टाइप करतात. ते एक वेळ चालून जाईल. पण ‘म्हणजे’, ‘आपलं ते हे’, ‘काय म्हणतात त्याला’ ही भरताड गाळली तर सगळाच घात होतो, कारण माणूस शब्द शोधत असतो तो नेमका तिथंच. अर्धवट सुटलेलं वाक्य अर्धवटच ठेवायचं, एक शब्द तीनदा आला तर तीनदा लिहायचा. ऐकून आपोआप टाइप करणाऱ्या सॉफ्टवेअरचा इथं उपयोग कमी, कारण आम्हाला हवा असलेला हा गाळच ती बहुतेक वेळा झाडून टाकतात आणि गुळगुळीत वाक्य हातात देतात.

मग विराम मोजायचे. त्यासाठी प्राट नावाचं सॉफ्टवेअर आहे, ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बोर्स्मा आणि डेव्हिड वीनिंक यांनी केलेलं, कुणालाही फुकट मिळणारं. पडद्यावर आवाजाची लहर दिसते. जिथं लहर सपाट, तिथं शांतता. सोपं वाटतं. पण ‘पक्का’ म्हणताना ‘क्क’च्या आधी जीभ टाळ्याला टेकून क्षणभर हवा अडते, आणि लहर तिथंही सपाट होते. तो विराम नव्हे, तो उच्चाराचा भाग. म्हणून पाव सेकंदापेक्षा लहान शांतता आम्ही धरतच नाही. त्याहून मोठ्या जागा एकेक ऐकून ठरवायच्या: श्वास घेतला, आवंढा गिळला, की खरंच पुढचा शब्द सापडत नव्हता.

स्किझोफ्रेनियात हे विराम लांबतात आणि एकूण वेळातला बोलण्याचा वाटा घटतो, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत पुन्हापुन्हा दिसलं आहे. पण २०२० मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी एक अडचणीची गोष्ट दाखवली. मेंदूतल्या डोपामिनच्या ग्राहकांना घट्ट धरून ठेवणारी औषधं ज्यांना चालू असतात, त्यांचं बोलणं सैल धरणारी औषधं घेणाऱ्यांपेक्षा अधिक संथ आणि विरामांनी भरलेलं असतं. म्हणजे माझ्या पडद्यावरची सपाट रेघ आजाराची की गोळीची, हे रेघ सांगत नाही. त्यासाठी औषधांचा कागद लागतो, आणि तो मुद्दामच माझ्यापासून दूर ठेवलेला असतो.

आता शब्दांकडे. खरे उतारे गोपनीय असतात, त्यामुळे खालचा मासला मीच रचला आहे. धाटणी मात्र ओळखीची आहे. प्रश्न होता, ‘आज सकाळपासून काय काय केलंत?’

‘उठलो. चहा घेतला. चहात साखर फार होती, साखरेचे कारखाने आमच्याकडंच आहेत, ऊस सगळा तिकडं जातो, तिकडं त्यांनी सांगितलं होतं ये म्हणून, पण गेलो नाही, आता ते बंदच झालं ना.’

घरचे लोक याला ‘भरकटतो’ म्हणतात, आणि शब्द अगदी बरोबर आहे. चहावरून साखर, साखरेवरून कारखाना, कारखान्यावरून ऊस: शेजारशेजारची दोन वाक्यं घेतली तर प्रत्येक जोड टिकते. पहिलं आणि शेवटचं घेतलं तर काहीच टिकत नाही. आणि मध्येच ‘त्यांनी’ म्हणजे कुणी? ‘ते’ बंद झालं म्हणजे काय? इथं मला शब्दांपलीकडचं काहीतरी दिसू लागतं. ‘त्यांनी’ म्हणण्याआधी बोलणाऱ्याला मनाशी हिशेब करावा लागतो की समोरच्याला हा माणूस ठाऊक आहे का, मघाशी आपण त्याचा उल्लेख केला का. आपलं आधीचं वाक्य आणि समोरच्याचं अज्ञान, दोन्ही एकाच वेळी ध्यानात धरावं लागतं. हे धरणं सुटलं की पहिली गळती सर्वनामांत होते.

दुव्यांचं हे सैल होणं नवं नाही. झुरिकच्या बुर्गहोल्झ्ली रुग्णालयातल्या ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये ‘स्किझोफ्रेनिया’ हे नाव मांडलं आणि १९११ च्या ग्रंथात विचारांचे सुटणारे दुवे हे या आजाराचं मूलभूत लक्षण म्हणून नोंदवलं. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या नॅन्सी अँड्रियासन यांनी अशा बिघाडांचे १८ प्रकार व्याख्या आणि उदाहरणं देऊन वेगळे केले: रुळावरून घसरणं, प्रश्नाला बगल देऊन जाणं, नुसत्या यमकामागे धावणं, स्वतःचे शब्द घडवणं, भरपूर बोलून काहीच न सांगणं. अँड्रियासन डॉक्टर होण्याआधी इंग्रजी साहित्य शिकवत, आणि त्यांच्या व्याख्या वाचताना ते जाणवतं. त्यांनीच हेही दाखवलं की यातले बरेच प्रकार उन्मादाच्या पेशंटमध्येही तितकेच सापडतात. तरी आजही आपल्या केसपेपरवर ‘टॉक रिलेव्हंट अँड कोहेरंट’ एवढ्या एका ओळीत सगळं उरकलेलं असतं. ओपीडीतली गर्दी पाहिली तर डॉक्टरांना दोष देववत नाही.

यंत्राला हे कसं समजतं? २००७ मध्ये ब्रिटा एल्वेव्हॉग आणि सहकाऱ्यांनी एक रीत वापरली. कोणते शब्द कोणत्या शब्दांच्या सोबतीनं येतात हे प्रचंड मजकुरातून मोजून प्रत्येक शब्दाला एक स्थान द्यायचं. मग पेशंटचं उत्तर प्रश्नापासून किती वेगानं दूर सरकतं ते आकड्यात पकडायचं. वरच्या चहाच्या उताऱ्यात मी बोटानं जे दाखवलं, तेच, फक्त न थकता. २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या एका गटानं याच वाटेनं ३४ तरुणांची संभाषणं तपासली. सगळे आजाराच्या उंबरठ्यावरचे. पुढच्या अडीच वर्षांच्या आत त्यांतले ५ जण आजारी पडले, आणि यंत्रानं पाचही बरोबर ओळखले. बातम्यांत ‘शंभर टक्के’ असा गाजावाजा झाला. ३४ माणसांत ५. त्याच गटातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये दुसऱ्या शहरातली संभाषणं घेऊन नवी घडण केली तेव्हा अचूकता ८३ टक्क्यांवर आली. मला हा दुसरा आकडा जास्त विश्वासाचा वाटतो, कारण तो उतरला आहे.

मराठीत मात्र पहिल्याच पायरीला ठेच लागते. न्यूयॉर्कच्या त्या अभ्यासात वाक्यांची लांबी आणि इंग्रजीतले काही दर्शक शब्द किती वेळा येतात, हेही मोजलं होतं. आपल्याकडे कर्ता राजरोस गाळता येतो. ‘आला, बसला, रडायला लागला’ यात सर्वनाम एकही नाही आणि संदिग्धता तसूभरही नाही. पुरुष आहे हे क्रियापदच सांगतं. उलट ‘सांगितलं’ म्हटलं की सांगणारा बाई की पुरुष याचा क्रियापदावर मागमूस उरत नाही, आणि ‘त्यांनी’ हे एकाच वेळी अनेकांचंही आणि आदराचंही. तेव्हा मराठीत धागा कुठं सुटला हे पाहायचं तर नुसती सर्वनामं मोजून भागत नाही. भूतकाळातल्या ‘ने’च्या वाक्यांवर डोळा ठेवावा लागतो.

एका फितीत साठीच्या पुढचा वाटावा असा बाईंचा आवाज होता. त्या सुरुवातीपासून ‘ह्यांनी’ म्हणत होत्या. ह्यांनी आणलं, ह्यांना आवडत नाही, हे गेल्यापासून. आधी कुणाचाही उल्लेख नाही. आमच्या तक्त्याप्रमाणे प्रत्येक ‘ह्यांनी’ला ‘संदर्भ नाही’ अशी खूण करायची, आणि त्या खुणांची बेरीज चिंताजनक होत होती. पण हा आवाज ऐकणाऱ्या कुठल्याही मराठी माणसाला पहिल्याच वाक्यात कळेल की हे म्हणजे त्यांचे यजमान. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही रीत त्या आयुष्यभर पाळत आल्या आहेत. तक्ता इंग्रजीवरून उतरलेला; त्याला ही रीत कुठून ठाऊक असणार? आता आमच्या नियमावलीत यासाठी वेगळी ओळ आहे.

ब्राझीलमधल्या नताल शहरात नतालिया मोता आणि सिदार्ता रिबेरो यांनी अर्थाला हातच न लावणारी वाट काढली. प्रत्येक शब्द म्हणजे एक ठिपका, आणि एका शब्दानंतर दुसरा आला की पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत बाण. तोच शब्द पुन्हा आला की बाण जुन्या ठिपक्याकडे परततो आणि वेढा तयार होतो. गोष्ट सांगणारा माणूस आपल्याच पात्रांकडे परतत राहतो, म्हणून त्याचा आलेख दाट विणलेला असतो. स्किझोफ्रेनियात ही वीण विरळ पडते. २०१४ च्या त्यांच्या अभ्यासात ६० जण होते, २० स्किझोफ्रेनियाचे, २० बायपोलरचे, २० निरोगी. त्यांना दिवसभराची हकिगत विचारली तेव्हा गट नीट वेगळे झाले नाहीत. स्वप्न सांगायला लावलं तेव्हा झाले. जागेपणीच्या दिवसाला घड्याळाचा आधार असतो, स्वप्नाचा क्रम मात्र सांगणाऱ्यालाच लावावा लागतो. मला तरी कारण तेच असावंसं वाटतं.

हा आलेख मी मराठीत हातानं काढून पाहिला. वाक्य घेतलं: ‘काल रात्री घरात साप आला, मी घरातून पळालो, साप घराच्या मागे गेला.’ बारा शब्द. जसेच्या तसे घेतले तर फक्त ‘साप’ दोनदा येतो: अकरा ठिपके, एकच वेढा. पण ‘घरात’, ‘घरातून’, ‘घराच्या’ यांचं मूळ एकच धरलं तर नऊ ठिपके उरतात आणि वेढे होतात चार. बोलणारा तोच, साप तोच. पोर्तुगीजमध्ये घराला लागणारे ‘आत’, ‘तून’ हे शब्द सुटे राहतात आणि घर घरच राहतं, म्हणून नतालमध्ये हा प्रश्न इतका टोचत नाही. आपल्याकडे प्रत्ययासकट मोजलं तर धडधाकट माणसाची गोष्टही विरळ दिसेल. आम्ही मूळ धरतो, पण ‘पाण्यात’चं ‘पाणी’ आणि ‘वाटेनं’चं ‘वाट’ यंत्रानं बिनचूक ओळखलं की नाही, हे अजून डोळ्यांखालून घालावं लागतं.

नतालच्या याच गटानं आणखी एक गोष्ट दाखवून ठेवली आहे: शाळा जितकी जास्त, तितकी आलेखाची वीण दाट. तेव्हा चौथीत शाळा सुटलेल्या ऊसतोड कामगाराचा आलेख पुण्यातल्या पदवीधराच्या आलेखाशेजारी ठेवणं म्हणजे आजार सोडून शिक्षण मोजणं. फोनवर मिनिटभर बोला आणि मानसिक आरोग्याचा आकडा मिळवा, असं कुणी म्हणू लागलं की मला हे आठवतं. एकाच माणसाची या महिन्याची फीत त्याच्याच मागच्या महिन्याच्या फितीशेजारी ठेवणं, ही तुलना मला पटते. शाळा तीच, बोली तीच. औषध बदललं असेल तर तेवढं नोंदवता येतं. वीण अचानक विरळ झाली तर डॉक्टरांनी अपॉइंटमेंट अलीकडे घ्यावी, इतपत काम हा आकडा करू शकेल.

पण त्याआधी निरोगी मराठी बोलणं कसं असतं याचा साठा हवा, आणि खरी मारामार तिथंच आहे. वऱ्हाडातलं, कोकणातलं, मराठवाड्यातलं, शिकलेलं, न शिकलेलं, सगळं हवं. माणसं यायला तयार असतात. माइक समोर आला की ‘दिवसभरात काय केलंत?’ याचं उत्तर येतं, ‘काय नाय, कामाला गेलो, आलो.’ तक्त्याप्रमाणे हे ‘बोलण्याचं दारिद्र्य’, पूर्ण गुणांसकट. नागपूरकडच्या एका फितीत तर प्रश्नावर सरळ उलटा प्रश्न आहे: ‘त्याच्यात काय सांगाचं?’ शेवटी आम्ही प्रश्नच बदलला. आता विचारतो, तुमच्याकडे भरली वांगी कशी करतात? परवाच्या फितीत एका बाईंनी वांगी चिरण्यापासून सुरुवात केली, मसाल्यात दाण्याचं कूट की खोबरं यावरून त्या जावेकडे गेल्या, जावेवरून वाटणीच्या भांडणाकडे, तिथून कोर्टात, आणि कोर्टातून थेट ‘तोवर इकडं तेल तापलेलं असतं’ म्हणत पुन्हा चुलीपाशी.