मुक्त स्रोत, मोकळं दार – लेखांक ७ : कोल्हापूरचे पाच तुकडे

गेल्या आठवड्यात आपण फोर्क, ब्रँच आणि पुल रिक्वेस्ट म्हणजे काय ते पाहिलं. तिथपर्यंत आलं की विद्यार्थी हमखास विचारतात, ‘एखाद्या छोट्या लायब्ररीसाठी हे ठीक आहे हो, पण ज्या भाषेत आम्ही प्रोग्रॅम लिहितो, त्या भाषेलाच हात लावायला आम्हाला कोण देणार?’ प्रश्न रास्त आहे. पायथनचंच उदाहरण घेऊन आज त्याचं उत्तर शोधू.

ग्विडो व्हान रॉसम यांनी ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेत असताना, १९८९च्या नाताळच्या सुट्टीत पायथन लिहायला घेतली. फेब्रुवारी १९९१मध्ये ती लोकांसमोर आली. पुढची सत्तावीस वर्षं शेवटचा शब्द त्यांचाच असे. २०१८मध्ये ‘वॉलरस’ या नव्या चिन्हावरून पायथनच्या समुदायात कडाक्याचा वाद झाला. जुलैमध्ये प्रस्ताव मंजूर केल्यावर काही दिवसांतच ग्विडो यांनी आपलं निर्णायक पद सोडलं. तेव्हा भाषेची घडी विस्कटते की काय, अशी भीती अनेकांना वाटली होती. तसं झालं नाही. कारभार कसा चालवायचा याचे आराखडे कोअर डेव्हलपरांनी मांडले, त्यांवर मतदान घेतलं आणि २०१९पासून पाच जणांचं निवडून आलेलं स्टिअरिंग कौन्सिल काम पाहू लागलं. भाषेतला प्रत्येक मोठा बदल ‘पेप’ नावाच्या लेखी प्रस्तावातून येतो. प्रस्ताव, त्यावरची चर्चा आणि तो का फेटाळला किंवा स्वीकारला याची कारणं, हे सगळं कोणालाही वाचता येतं. माझ्या मते एवढ्या मोठ्या प्रकल्पाची खरी संपत्ती हीच आहे. एखादी सोय भाषेत का नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा कुठल्यातरी जुन्या पेपमध्ये कारणांसकट लिहिलेलं सापडतं.

आता मुद्द्यावर येतो. भाषेच्या प्रकल्पात शिरायचं म्हणजे कंपायलरच्या गाभ्यात काहीतरी अचाट लिहायचं, अशी समजूत घेऊन मुलं येतात आणि दारातूनच परत जातात. प्रत्यक्षात पायथनकडे कोड लिहिणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. वाण आहे ती तपासणाऱ्यांची. आलेली तक्रार खरी आहे का, ती आजच्या आवृत्तीतही घडते का, पाठवलेल्या दुरुस्तीने दुसरीकडे काही मोडतंय का, हे शांतपणे बसून पाहणारे हात कमी पडतात. म्हणून नवख्याने सुरुवात इथूनच करावी, असं मी आग्रहाने सांगतो.

एक तक्रार जवळून पाहू. ती आपल्या लिपीचीच आहे. मजकुरातून शब्द वेचायचे असले की आपण रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये बॅकस्लॅश आणि डब्ल्यू लिहितो. शब्दात येऊ शकेल असं कुठलंही अक्षर, असा त्याचा अर्थ. पायथनच्या ‘आरई’ या मोड्यूलला हा नमुना, पुढे अधिकचं चिन्ह जोडून, आणि ‘कोल्हापूर’ हा शब्द देऊन पाहा. उत्तरात क, ल, ह, प, र असे पाच सुटे तुकडे हाती येतात. ‘मराठी’चे ‘मर’ आणि ‘ठ’ होतात. ‘नगर’ आणि ‘कळवण’ मात्र शाबूत राहतात, कारण त्यांत काना, मात्रा, वेलांटी काहीच नाही.

असं का होतं? युनिकोडने प्रत्येक चिन्हाला एक वर्ग दिला आहे. ‘क’ अक्षरांच्या वर्गात येतो, पण काना, वेलांटी, उकार आणि पाय मोडायचं हलन्त चिन्ह हे सगळे ‘मार्क’ या वेगळ्या वर्गात आहेत. ‘आरई’ एवढंच विचारतं, की हे चिन्ह अक्षर, अंक किंवा अंडरस्कोअर आहे का? मार्क यातलं काहीच नाही, म्हणून शब्द तिथे तुटतो. युनिकोडच्या रेग्युलर एक्स्प्रेशनविषयीच्या मानकात मात्र मार्कही शब्दातच धरावेत अशी शिफारस आहे. गंमत म्हणजे खुद्द पायथनचा पार्सर हे बरोबर करतो. पायथन ३मध्ये ‘किंमत’ किंवा ‘कोल्हापूर’ नावाचं व्हेरिएबल खुशाल ठेवा, ते चालतं. ‘४२’ ही देवनागरी आकड्यांची स्ट्रिंग ‘इंट’ला दिली तर बेचाळीस ही संख्या मिळते. म्हणजे एकाच भाषेच्या एका भागाला आपली लिपी कळते आणि दुसऱ्याला कळत नाही.

देवनागरी मजकुराचे असे तुकडे होतात, ही तक्रार पायथनकडे २००७ सालीच नोंदवली गेली. तरीही ३.१२मध्ये कोल्हापूरचे पाचच तुकडे होतात. यात आपल्या लिपीविषयी कोणाला आकस आहे असं मुळीच नाही. बॅकस्लॅश-डब्ल्यू या एका खुणेचा अर्थ बदलला, तर तिच्यावर उभे असलेले जगभरचे प्रोग्रॅम वेगळी उत्तरं देऊ लागतील. शब्दाची सीमा ओळखणारी दुसरी खूण हिच्याच आधाराने चालते, तीही बदलेल. भाषा जितकी जुनी, तितकी तिच्यातली चूकसुद्धा कोणाच्या तरी वापरात असते. अशा जागी दुरुस्तीचा कोड दहा ओळींचा असेल, पण त्याआधीची चर्चा कित्येक महिन्यांची असते. हे एकदा समजलं की आपली पुल रिक्वेस्ट लगेच का घेतली जात नाही याचा राग येत नाही. दरम्यान मराठी मजकुरावर काम असेल तर बाहेरचं ‘रेजेक्स’ हे मोड्यूल वापरा. ते मार्क शब्दातच धरतं.

मग अशा तक्रारीत नवखा माणूस काय करू शकतो? पुष्कळ काही. पायथनचा सोर्स गिटहबवरून उतरवून घ्या. लिनक्सवर कॉन्फिगर करताना ‘पायडीबग’चा पर्याय द्या आणि मेक चालवा. थोड्या वेळात तुम्ही स्वतः बांधलेली पायथन त्याच फोल्डरमध्ये तयार असते. मॅकवर तिच्या नावाला ‘ईएक्सई’ असं शेपूट दिसेल, त्याने दचकू नका. ‘पायथन’ नावाचा फोल्डर तिथे आधीच असतो आणि मॅकची फाइल सिस्टिम सहसा लहान-मोठ्या लिपीत फरक करत नाही, म्हणून ती सोय केली आहे. यानंतर ‘लिब’ फोल्डरमधल्या ‘टेस्ट’मध्ये रेग्युलर एक्स्प्रेशनच्या चाचण्यांची फाइल उघडा आणि तेवढ्याच चाचण्या चालवून पाहा. एखाद्या सोयीने नेमकं काय करावं अशी अपेक्षा आहे, हे चाचण्यांइतकं स्पष्ट दुसरीकडे कुठेच लिहिलेलं नसतं. भाषेचा सोर्स वाचायची सुरुवात मी नेहमी तिथूनच करायला सांगतो.

इश्यूंच्या यादीत ‘ईझी’ असं लेबल लावलेले इश्यू असतात. त्यातला एक निवडा, त्याखालची सगळी चर्चा वाचा आणि तक्रार आजच्या मेन ब्रँचवर घडते का ते पाहा. घडत असेल तर कमीत कमी ओळींचा नमुना, आवृत्ती आणि ऑपरेटिंग सिस्टिम लिहा. घडत नसेल तर तेही लिहा. जुनी तक्रार आता उरलेली नाही हे कळणंही मेंटेनरच्या दृष्टीने तितकंच मोलाचं असतं. दुसऱ्याची पुल रिक्वेस्ट स्वतःच्या मशिनवर चालवून ‘मी हे करून पाहिलं, अमुक झालं’ एवढं सांगायलाही कोणाची परवानगी लागत नाही. पायथनमध्ये हे काम सातत्याने करणाऱ्यांना ट्रायाज टीममध्ये घेतात. कोअर डेव्हलपर झालेल्यांतही अनेकांची वाट तिथूनच गेली आहे.

स्वतःची दुरुस्ती पाठवाल तेव्हा सोबत चाचणी हवीच. वापरणाऱ्याला जाणवेल असा बदल असेल तर बातमीची छोटी नोंद हवी आणि कॉन्ट्रिब्यूटर करारावर एकदा सही हवी. नवी सोय असेल तर वेळापत्रक पाहा. दर वर्षी ऑक्टोबरमध्ये नवी आवृत्ती येते आणि मे महिन्यात पहिली बीटा निघाली की त्या आवृत्तीत नव्या सोयी घेत नाहीत. नुसती मोकळी जागा इकडची तिकडे करणारे बदल पाठवू नका. एआयकडून लिहून घेतलेला आणि स्वतःला न समजलेला कोड तर अजिबात नको. तो वाचण्यात जाणारा वेळ दुसऱ्या कोणाच्या तरी संध्याकाळचा असतो, आणि समोरून प्रश्न आला की तुमच्याकडे उत्तर नसतं. उत्तर यायला वेळ लागला तर महिनाभर थांबा आणि मग नम्रपणे एक आठवण करा.

मराठी वाचकाला माझी खास विनंती आहे. आपल्या लिपीत कुठे काय मोडतं, हे बाहेरच्या मेंटेनरला नुसतं पाहून कळत नाही. ‘कोल्हापूर’ तुटल्याचं आपल्याला क्षणात दिसतं, त्याच्यासाठी ती अनोळखी चिन्हांची रांग असते. शब्द मोजणं, मजकूर उलटा करणं, ठरावीक रुंदीत ओळी तोडणं, रकाने सरळ लावणं, हे सगळं मराठी मजकुरावर करून पाहा. जे चुकेल ते आधी जुन्या इश्यूंमध्ये शोधा आणि मिळालं नाही तरच नवा इश्यू उघडा. पुढच्या लेखांकात असा इश्यू इंग्रजीत नेमका कसा लिहायचा ते पाहू. तोवर पायथन एकदा स्वतः बांधून ठेवा, पुढच्या आठवड्यात ती लागणार आहे.