ट्रोंबोनचा भोंगा आणि त्याचा धातु

लष्कराचा किंवा पोलिसांचा बँड संचलन करीत निघाला म्हणजे बहुधा त्याच्या पहिल्याच रांगेंत एक लांबट पितळी वाद्य दिसतें. वाजविणारा उजव्या हातानें त्याची नळी पुढें सरकवितो आणि मागें ओढतो. हें वाद्य ट्रोंबोन. त्याला पहिली रांग मिळते ती मानाची म्हणून नव्हे. पुढें सरकणारी नळी समोरच्या माणसाच्या पाठींत लागूं नये, एवढाच त्यांतील हेतु. वादकाच्या डाव्या खांद्यावरून पुढें आलेलें त्याचें रुंद तोंड ग्रामोफोनच्या भोंग्यासारखें दिसतें. तेव्हां त्याला मराठींत भोंगाच म्हणावें हें बरें. इंग्रजींत त्यासाठीं जो शब्द आहे त्याचा अर्थ घंटा असा होतो, आणि त्या नांवानें पुष्कळ घोटाळा केला आहे.

घंटा वाजते तेव्हां धातु वाजतो. कांशाची घंटा कोणती आणि लोखंडाची कोणती, हें लहान मूलहि डोळे मिटून सांगेल. भजनांतील टाळेला बोट लावलें कीं नाद जागच्या जागीं मरतो. ट्रोंबोनचा भोंगा हातानें धरला तरी सूर चालूच राहतो, कारण तेथें वाजते ती हवा. तोंडाशीं लावलेल्या लहानशा वाटींत वादकाचे ओठ थरथरतात, आणि सुमारे २·७ मीटर लांबीच्या नळींतील हवा त्यांच्याबरोबर कंप पावते. भोंगा या कंपनांपैकीं खालच्या कंपनांचा बराच भाग आंत परतवितो व वरच्या कंपनांना बाहेर वाट देतो. परतलेल्या भागावर सूर तगतो. बाहेर पडलेला श्रोत्याच्या कानीं जातो. ही वांटणी भोंगा कोठें आणि किती झपाट्यानें रुंदावतो यावर ठरते. आकाराचा हा अधिकार कोणीहि नाकारीत नाहीं. वाद आहे तो धातूचा.

जोरानें फुंकल्यावर ट्रोंबोनला जो धारदार झणका येतो तो तरी पितळेचा असेल, असें पुष्कळांना वाटतें. परंतु नेदरलंड्समधील आइंडहोव्हन येथील हिर्शबर्ग व त्यांचे सहकारी यांनीं १९९६ सालीं प्रसिद्ध केलेल्या संशोधनानें या समजुतीचा पाया काढून घेतला. ट्रोंबोनच्या लांब व सारख्या रुंदीच्या नळींतून दाबाची मोठी लाट जाऊं लागली म्हणजे तिचा माथा पायथ्याहून वेगानें धांवतो. किनाऱ्याशीं येणारी समुद्राची लाट जशी उभी चढते, तशी हीहि चढत जाते, आणि अखेर तिला आघाताच्या लाटेचें स्वरूप येतें. झणका उठतो तो येथें. धार येते ती हवेला.

असें असूनहि वाद्यांच्या दुकानांत गेलेल्या वादकाला पहिला प्रश्न विचारला जातो तो धातूचाच. पिवळ्या पितळेंत शेंकडा ७० भाग तांबें आणि ३० भाग जस्त असतें. सोनेरी पितळेंत तांबें ८५ भाग आणि तांबूस किंवा गुलाबी पितळेंत ९० भाग. भांड्यांच्या बाजारांत जर्मन सिल्व्हर म्हणून विकला जाणारा मिश्रधातूहि वापरतात. त्यांत तांबें, जस्त व निकल असतें, चांदीचा मात्र कणहि नसतो. खऱ्या चांदीचे भोंगेहि निघाले. अमेरिकेंतील क्लीव्हलंड येथील एच. एन. व्हाइट कंपनीच्या ‘किंग’ ट्रोंबोनांतील चांदीचे भोंगे प्रसिद्धच आहेत. वादकांच्या भाषेंत पिवळें पितळ म्हणजे उजळ, चटकन् बोलणारें. तांबें वाढत जाईल तसा सूर गोल, उबदार, गडद होतो. चांदीचा सूर घट्ट विणीचा. ही भाषा पिढ्यान् पिढ्या चालत आली असून ती बोलणारे लोक कान नसलेले नव्हेत. तिला भोळेपणा म्हणून उडवून लावणें हा उतावळेपणा होईल.

तथापि आंकडे काय सांगतात तें पाहण्यासारखें आहे. पिवळें पितळ पाण्याच्या साडेआठ पट जड आहे, तांबूस पितळ ८·८ पट. हा फरक शेंकडा तीनच्या आसपास. दोहोंच्या ताठपणांतहि अंतर थोडकेंच. याउलट पत्रा अर्ध्या मिलिमीटरचा होता तो ०·४ मिलिमीटरचा केला, तर वजन पंचमांशानें घटतें आणि वांकण्यास होणारा विरोध जवळजवळ निम्म्यावर येतो. म्हणजे कारागिराचा हातोडा जेवढा फरक करूं शकतो त्याच्या पासंगालाहि मिश्रधातूचें प्रमाण पुरत नाहीं.

आणि कारागीर तरी कोठें एकच गोष्ट बदलतो? पुण्याच्या तांबट आळींत हातोड्याखालीं तांबें कडक होतें आणि तांबट तें पुन्हां तापवून मऊ करतो; भोंगा घडवितांनाहि नेमकें हेंच चालतें. कांहीं भोंगे एकाच पत्र्याला शिवण देऊन ठोकून काढतात, तर कांहींचें रुंद तोंड निराळें घडवून नळीला जोडतात. कडेला तार घालून पत्रा तिच्यावर वळवितात. ती तार कोणी डांक लावून पक्की करतो, कोणी तशीच मोकळी ठेवतो. जर्मन घडणीच्या वाद्यांत कडेवर आणखी एक पट्टी चढविण्याची चाल आहे. मऊ तांबूस पत्रा आणि कडक पिवळा पत्रा एकाच सांच्यावर चढविले तरी दोन्ही सारख्याच जाडीचे उतरतील याची शाश्वती नाहीं. दुकानांतील दोन ट्रोंबोनांत वादकाला जो भेद जाणवतो तो खराच असतो. फक्त त्याचें श्रेय रंगाला दिलें जातें, कारण रंग डोळ्यांना दिसतो आणि जाडी दिसत नाहीं.

इंग्लंडमधील ध्वनिशास्त्रज्ञ व वाद्यरचनाकार रिचर्ड स्मिथ यांनीं नेमका हाच गुंता सोडविण्याचा प्रयत्न केला. १९८६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधांत त्यांनीं जी परीक्षा वर्णिली आहे तींत ट्रोंबोनचे भोंगे आकारानें एकसारखे आणि जाडीनें निरनिराळे होते. एक तर शुद्ध तांब्याचा होता. वाद्य दिसूं नये आणि वजनावरून ओळखूं येऊं नये अशी तजवीज करून तीं कसलेल्या वादकांच्या हातीं दिलीं. कोणता भोंगा कोणता, हें त्यांना खात्रीनें सांगतां आलें नाहीं.

प्रकरण येथेंच मिटलें असतें तर बरें झालें असतें. पण तें मिटलें नाहीं. व्हिएन्ना येथील विल्फ्रीड काउझेल आणि अमेरिकेंतील रोलिन्स कॉलेजचे थॉमस मूर यांनीं ट्रंपेट व हॉर्न या वाद्यांचे भोंगे वाळूनें दाबून धरले व यंत्रानें तीं वाजविलीं. यंत्राला ना आवड ना नावड. तरीहि भोंगा मोकळा असतां निघालेला सूर आणि दाबलेला असतां निघालेला सूर यांत लहानसा, पण मोजतां येण्याजोगा फरक आढळला. आंतील हवेच्या दाबानें सबंध भोंगा किंचित् पुढें-मागें हलतो, असा त्यांचा २०१० सालचा उलगडा आहे. तेव्हां भिंत अगदींच मुकी नाहीं. मात्र हे प्रयोग भिंत मोकळी कीं बांधलेली यासंबंधींचे होते, पिवळी कीं तांबूस यासंबंधींचे नव्हेत. कडेची तार, डांक, आधाराच्या पट्ट्या यांना वादक इतकें महत्त्व कां देतात, हें यावरून थोडेंफार उमगतें.

राहतां राहिली वादकाची स्वतःची जाणीव, आणि खरी मेख तेथेंच आहे. भोंग्यांतून निघणारी उंच कंपनें सरळ समोर जातात. वादकाचा कान भोंग्याच्या बाजूस व मागें असतो, त्याला तीं कमी पोंचतात. उलट पत्र्याचा बारीकसा थरार त्याच्या कानाला अगदीं जवळ असतो. शिवाय डाव्या हाताला, ओठांना आणि दांतांना नळीचें कंपन थेट लागतें. पातळ भोंगा हातांत जिवंत वाटतो, जाड भोंगा थंड वाटतो. सभागृहांत मागें बसलेल्या श्रोत्याला यांतील कांहींच पोंचत नसेल. पण ज्याला आपलें वाद्य उत्तर देत आहे असें वाटतें तो ओठ सैल ठेवतो, सुरुवात निःशंकपणें करतो, आणि हा फरक मात्र मागच्या रांगेपर्यंत जातो. म्हणून चांदीच्या भोंग्याला जास्त पैसे मोजणारा वादक फसलाच असें म्हणवत नाहीं. त्यानें काय विकत घेतलें हें त्याला ठाऊक असावें, इतकेंच. हीच निवड जाणत्या सहकाऱ्याला दूर, पाठ फिरवून बसवून केली तर कित्येकदां निराळा भोंगा पसंत पडतो.

वादाला जागाच नाहीं असें धातूचें एक काम ट्रोंबोनमध्यें आहे, आणि तें भोंग्यापासून दूर, तोंडाजवळच्या पहिल्या नळींत. श्वासाचा दमटपणा आणि थुंकी यांमुळें पिवळ्या पितळेंतील जस्त हळूहळू झिजून जातें व नळीवर तांबूस डाग पडूं लागतात. तांबें शेंकडा ८५ किंवा त्याहून अधिक असलेल्या पितळेला ही कीड सहसा लागत नाहीं. म्हणून भोंगा पिवळा असला तरी ती नळी पुष्कळदां तांबूस पितळेची करतात.