दिवसाच्या रक्तात हत्तीरोग सापडेल कसा?
चंद्रपूर-गडचिरोलीला हत्तीरोग नवा नाही. त्याच्या कृमीची सूक्ष्म पिल्ले दिवसा फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत दडतात. बोटाच्या रक्तात मुख्यतः रात्री १० ते २ या वेळेत उतरतात. मग भरदुपारी काचपट्टीवर घेतलेल्या थेंबात काय दिसणार? अँटिजेन कार्डाला रात्रीची गरज नाही, ते प्रौढ कृमीचा अंश पकडते. पण पाय सुजून वर्षे लोटली की कृमी बहुधा मेलेले असतात, आणि दोन्ही तपासण्या 'निगेटिव्ह' येऊ शकतात. त्या कागदावर बोट ठेवून सुजल्या पायाच्या मजुराला 'रोग नाही' म्हणून हाकलणे, हा कोणता न्याय? डास वाढतो तुंबलेल्या गटारात. ते गटार कोणाच्या वस्तीला लागून असते, हे वेगळे सांगायला नको. बांधवांनो, आरोग्य कर्मचारी रात्री दारात आले तर बोट पुढे करा. दिवसा काचपट्टी घेऊन आले तर वेळेचा जाब विचारा.