घशात दात आणि गळाला पीस

नेर परसोपंतच्या बाजारात कुणी ‘फ्लाय’ मागितली, तर दुकानदार बहुधा माश्या मारायचं औषध पुढे करेल. इकडे गरी, दोरा अन् गांडूळ एवढ्यावर भागतं. फ्लाय म्हणजे गळावर पिसं, लोकर गुंडाळून केलेला खोटा किडा. हे गोऱ्या साहेबाचं खूळ नव्हे बरं! सुमारे १८०० वर्षांपूर्वी ईलियन या रोमन लेखकाने मॅसेडोनियातली ही युक्ती नोंदवली: गळाला लाल लोकर आणि कोंबड्याची दोन पिसं.

गरी लांब फेकायला वजन बांधावं लागतं. फ्लायला वजनच नाही, म्हणून इथे फेकायची ती जाडजूड दोरी. किडा नुसता मागोमाग जातो.

आता ही फ्लाय टाकायची कुणाला? कार्पला. हा मासा परका वाटतो? रोहू, कटला, मृगळ त्याच खानदानातले, डौलदार महाशीरही. कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो वरच्या थरात चरतो. रोहू मधे, मृगळ तळाशी. पण कटला पाण्यातले बारीक जीव गाळून खाणारा. पिसांच्या किड्याला तो कशाला भाळतोय? सायप्रिनस, म्हणजे साधा कार्प, मात्र भाळतो. तोही आधी तोंडात घेऊन चव बघतो, नाही पटली की थुंकतो. तेवढ्यात गरी ओढली तर ठीक, नाहीतर काठावरून विचारणा ठरलेली, “काय बे, लागली का एखादी?”

या मंडळींच्या जबड्यात एकही दात नसतो. दात असतात घशात, गोगलगायीचं कवच फोडण्याइतके दणकट. अन् जठर? तेही नाही! हवेची पिशवी बारीक हाडांनी कानाशी जोडलेली, त्यामुळे काठावरची धपधप त्यांना लगेच कळते. एखाद्याची कातडी फाटली, तर त्यातून सुटलेल्या रसायनाने बाकीचे बिथरतात. हे १९३८ मध्ये शोधणारा कार्ल फॉन फ्रिश म्हणजे मधमाश्यांच्या नाचाचा अर्थ लावणाराच.

रोहू-कटला साठलेल्या तळ्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे हिरालाल चौधरी यांनी पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून त्यांना अंडी घालायला लावली. आज त्यांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, विकत मिळते ती त्या सुईच्या कृपेने.

आणि महाडजवळ वाळणकोंडीला काळ नदीच्या डोहात महाशीर देवीचे म्हणून सुखाने राहतात. तिथे गळ नाही, फक्त मुरमुरे टाकायचे.