पोरांच्या हाती टाळ द्या

फाल्गुनात नाथषष्ठीच्या दिंड्या चितेगावावरून पैठणकडे निघाल्या, की रस्त्याकडेची पोरं आपोआप टाळ्यांचा ठेका धरतात. तो त्यांना कोणी शिकविलेला नसतो. त्याच पोरानं संध्याकाळी देवळातल्या भजनात तोंड उघडलं, तर आपण म्हणतो, "जा, अभ्यास कर!" मुलीला तर पुष्कळ घरांतून भजनाला पाठवीतच नाहीत.

मायबापहो, एक ध्यानात घ्या. पुष्कळदा पोर बेसूर नसतं, पट्टी त्याची नसते. भजनातले बाप्ये बहुधा काळी 1 च्या आसपास गातात. लहान गळा तितका खाली उतरत नाही; मग पोर पुटपुटतं, नाही तर वर ताणून ओरडतं. पेटीवाल्याला एक-दोन अभंगांपुरती काळी 4 धरायला सांगा, तेच पोर मोकळं गाईल.

घरी पेटी नसली तरी अडत नाही. आजीनं ओवी म्हणावी, नातवंडानं तीच परत म्हणावी. रोज 10 मिनिटं पुरेत. कुरुंदवाडच्या कीर्तनकाराचे चिरंजीव विष्णु दिगंबर पलुसकर यांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. गाणं त्यांच्या कानावर आधी घरातच पडलं होतं.

शाळेत कला हा विषय आहेच. गुरुजींना भेटा, कपाटातली पेटी बाहेर काढवा, गावच्या पखवाजवाल्याला आठवड्यातून तासभर शाळेत बोलवायला सुचवा.

पहिले काही दिवस पोरांचा ताल चुकेल. चुकू द्या, आपल्या म्हाताऱ्यांचाही चुकतोच की!