आपला गाळा, आपलीच कंपनी

भोसरी, अंबरनाथच्या औद्योगिक पट्ट्यात हे सर्रास चालतं: गाळा संचालकाच्या नावावर, कारखाना त्याच्याच प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचा आणि दरमहा भाडं कंपनीकडून त्याच्या खात्यात. यात बेकायदा काही नाही. कंपनी ही कायद्याने वेगळी व्यक्ती आहे, हे लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १८९६ मध्ये सॉलोमन या बूट व्यावसायिकाच्या खटल्यात ठरवलं आणि आपणही तेच तत्त्व मानतो. एकल मालकीच्या धंद्याला मात्र ही सोय नाही. स्वतःच स्वतःला भाडं देऊन ते खर्चात दाखवता येत नाही.

खरी मेख आहे ती भाड्याच्या आकड्यात. समजा, तसा गाळा आजूबाजूला ६० हजारांना मिळतो आणि करारात एक लाख लिहिले. वरचे ४० हजार अवाजवी ठरवून आयकर अधिकारी ते कंपनीच्या खर्चातून वगळू शकतो. म्हणजे वर्षाच्या ४ लाख ८० हजारांवर कंपनी कर भरणार आणि तीच रक्कम संचालकाच्या भाडे-उत्पन्नातही धरली जाणार. म्हणून शेजारच्या दोन-तीन गाळ्यांचे करार किंवा मूल्यांककाचा अहवाल आधीच फाइलला लावावा.

कंपनी कायद्यानुसार संचालकाने आपला हितसंबंध संचालक मंडळासमोर उघड करायचा असतो. व्यवहार नेहमीच्या कामकाजातला आणि बाजारभावाने नसेल, तर कलम १८८ खाली मंडळाचा ठराव लागतो; भाडं उलाढालीच्या १० टक्के किंवा जास्त असेल, तर भागधारकांचाही. अनेक जण याला नुसती कागदपत्रांची कटकट समजतात. मला ते पटत नाही. घरच्या कंपनीत भावाचे, वहिनीचे शेअर असतात आणि फुगवलेलं भाडं त्यांच्याही नफ्यातून जातं. करारावर मालक आणि कंपनी, दोन्हींच्या जागी एकच सही दिसली की वादाला तोंड फुटतं. कंपनीतर्फे दुसऱ्या संचालकाने सही करावी.

करार लेखी, नोंदणीकृत हवा. भाडं महिना ५० हजारांवर असेल, तर कंपनीने १० टक्के टीडीएस कापायचा. संचालकाची जीएसटी नोंदणी नसेल आणि कंपनीची असेल, तर १० ऑक्टोबर २०२४ पासून या भाड्यावरचा १८ टक्के जीएसटी सहसा कंपनीनेच भरायचा असतो. आणि भूखंड एमआयडीसीचा असेल, तर आधी पोटभाड्याची परवानगी काढा. तिथे मूळ भाडेपट्टा व्यक्तीच्या नावावर असतो आणि कंपनी एमआयडीसीच्या लेखी तिऱ्हाईत ठरते.